चौथ्या रकान्याची कुळकथा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेपासून पूर्व भागातले यंत्रमाग फारसे लांब नाहीत. जेकार्ड बसवलेल्या मागावर चादरीची नक्षी मागाच्या पोटात नसते, वर टांगलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांच्या माळेत असते. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक धागा. भोक असेल तिथला हुक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो, भोक नसेल तिथला खालीच राहतो. माळ बदलली की तोच माग दुसरी नक्षी विणतो. यंत्र वेगळे आणि त्याला द्यायच्या सूचना वेगळ्या, ही १८०४ च्या सुमाराची फ्रेंच युक्ती सोलापूरने पुरती पचवली. पण या माळेला एक मर्यादा आहे: हुकांची संख्या तिला आधीच ठाऊक असावी लागते. जास्त हुकांचे जेकार्ड आणले की जुन्या माळेचा उपयोग संपतो. संगणकाच्या कॉन्फिगरेशन फाइलींची खरी परीक्षाही इथेच होते. उद्या जी सोय निघणार आहे तिला आजच्या साच्यात जागा ठेवायची कशी? माझ्या मते याचे सर्वांत टिकाऊ उत्तर युनिक्सच्या ‘एफस्टॅब’ या साध्या मजकूर फाइलीने दिले आणि ते तिच्या चौथ्या रकान्यात आहे.

संगणक सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची ही यादी. ती बर्कलीच्या युनिक्समध्ये १९८० च्या सुमारास आली. त्याआधी जोडणीच्या आज्ञा थेट सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये लिहीत. पहिल्या साच्यात रकाने विसर्गासारख्या दोन टिंबांनी, म्हणजे कोलनने, तोडलेले होते. तिसऱ्या रकान्यात ‘आरडब्ल्यू’ किंवा ‘आरओ’ यांसारखा एकच शब्द: लिहिता येईल की नुसते वाचता येईल. डिस्क त्याच यंत्रात असेपर्यंत एवढे पुरत होते. १९८५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सची एनएफएस आली आणि दुसऱ्या यंत्रावरची फाइल आपल्या यंत्रावर असल्यासारखी दिसू लागली. आता नाव लिहायचे ते ‘सर्व्हर:/घर’ असे. म्हणजे नावातच कोलन! जुन्या साच्यात ते बसणेच शक्य नव्हते. सनच्या फाइलीत रकाने मोकळ्या जागेने तोडलेले आहेत आणि ते सहा आहेत: नाव, जागा, प्रकार, पर्याय, आणि शेवटी बॅकअप व तपासणीचे दोन आकडे. बर्कलीनेही १९९० च्या आवृत्तीत तीच वाट धरली.

यातला चौथा रकाना म्हणजे स्वल्पविरामांनी जोडलेली शब्दांची माळ: ‘हार्ड,बीजी,टाइमो=६००’. सर्व्हर गप्प झाला तर वाट पाहत राहायचे की चूक परत करायची, जोडणी लगेच जमली नाही तर प्रयत्न मागे चालू ठेवायचा का, उत्तरासाठी किती थांबायचे. फाइल वाचणाऱ्या सामान्य प्रोग्रामला यातले काही कळण्याची गरज नाही. तो माळ उचलून त्या-त्या फाइल सिस्टिमच्या हाती देतो. हे अज्ञान जाणूनबुजून पत्करलेले आहे आणि ते नसले की काय किंमत पडते ते लिनक्सच्या इतिहासात दिसते. तिथे एनएफएसचे पर्याय कर्नलकडे, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याकडे, बराच काळ ठरावीक बांधणीच्या द्विमान नोंदीतून जात. नवी माहिती घालायची तर बांधणी बदला आणि आवृत्तीचा आकडा वाढवा; तो सहापर्यंत गेला. अखेर २००७ मध्ये, २.६.२३ या कर्नलपासून, मजकुराची माळ जशीच्या तशी कर्नलला देण्याची सोय झाली. जेकार्डची मर्यादा इथे सुटली.

आक्षेप येतो की हा ढिलेपणा आहे. कुलूप नसलेल्या रकान्यात कोणीही काहीही लिहील आणि चूक कळेल ती थेट जोडणीच्या वेळी. हे खरे आहे. मोकळी जागा हीच विभाजक असल्याने फोल्डरच्या नावातली मोकळी जागा ‘\०४०’ अशी लिहावी लागते, आणि ज्या सुरक्षा-लेबलात स्वल्पविराम आहे ते अवतरणात ठेवावे लागते, हेही खरे. मग शिस्तीचा, घरट्यांत घरटी असलेला साचा का नको? कारण ही फाइल वाचायची वेळ नेमकी अडचणीची असते: संगणक अर्धवट उठलेला, नेटवर्क नाही, हाताशी एखादा साधा संपादक. तिथे एका ओळीत एक जोडणी हीच सोय. शिवाय मोकळीक वाया गेली नाही. सिस्टमडी हा संगणक सुरू करणारा पुढच्या पिढीचा प्रोग्राम स्वतःच्या वेगळ्या, विभागवार फाइली घेऊन आला, तरी तो एफस्टॅबही वाचतो आणि ‘एक्स-सिस्टमडी’ने सुरू होणाऱ्या आपल्या सूचना त्याच चौथ्या रकान्यात लिहू देतो. एनएफएसवाल्यांनीही सर्व्हरवार विभाग असलेली स्वतंत्र फाइल काढली, पण मूळ रकाना हटवला नाही.

एक दोष मात्र माफ करण्याजोगा नाही. ‘टाइमो=६००’ म्हणजे सहाशे सेकंद नव्हे, साठ सेकंद; आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजला जातो आणि ओळीत तसे कुठेही दिसत नाही. रकाना मोकळा ठेवणे बरोबर होते. एकक न लिहिणे चूक होती, आणि नवा साचा आखणाऱ्याने आकड्यासोबत ते लिहायची सक्ती करावी.