पीजचे प्रक्षेपण आणि चरोतरची बोली

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्राचा आरंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. महानगरांत रुजलेल्या या माध्यमास खेड्याच्या बोलीत बोलावयास लावण्याचा प्रयत्न गुजरातच्या खेडा जिल्ह्यात झाला. त्याचा इतिहास भाषेच्या अभ्यासकानेही ध्यानी घ्यावा असा आहे.

१९७५ साली या जिल्ह्यातील पीज गावी एक किलोवॅट शक्तीचा प्रक्षेपक उभा राहिला. कार्यक्रमांची जबाबदारी अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राकडे होती. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना उपग्रहाद्वारे कार्यक्रम दाखविले जाऊ लागले. परंतु तो उपग्रह अमेरिकेकडून उसना घेतलेला असल्यामुळे ३१ जुलै १९७६ रोजी तो प्रयोग संपला. पीजचा प्रक्षेपक भूमीवरच असल्याने तेथील कार्य पुढेही चालू राहिले. उपग्रहाला एकाच वेळी अनेक प्रदेशांशी बोलावे लागे. पीजला एकाच जिल्ह्याशी. हा भेद केवळ अंतराचा नव्हे, भाषेचाही होय.

सार्वजनिक जागी सामुदायिक संच बसविले गेले. १९४६ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध उत्पादक संघामुळे गावकऱ्यांना सकाळ-संध्याकाळ एकत्र येण्याची सवय होतीच. श्रोतृवर्ग मुद्दाम जमवावा लागला नाही.

चरोतर भागात ‘गाम’चा उच्चार ‘गोम’ व ‘पाणी’चा ‘पोणी’ असा ऐकू येतो. प्रमाण गुजरातीत असे उच्चार ग्राम्य गणले जातात. पीजच्या कार्यक्रमांत मात्र स्थानिक बोलीस स्थान मिळाले. भवाई व कळसूत्री बाहुल्या या रूढ लोकप्रकारांचा उपयोग करण्यात आला. गावकऱ्यांनीही लेखनात व अभिनयात भाग घेतला. हुंडा, अस्पृश्यता, मजुरी हे विषय मांडले गेले. चित्रण गावातच होऊ लागल्याने गावकऱ्याची तक्रार त्याच्याच शब्दांत अधिकाऱ्यापुढे जाऊ लागली. अर्जाच्या भाषेत उतरताना तक्रारीची जी धार बोथट होते, ती येथे कायम राहिली. बोलीला प्रतिष्ठा मिळते ती गौरवपर भाषणांनी नव्हे. त्या बोलीतील प्रश्नाला उत्तर द्यावे लागते तेव्हा, असे म्हणावयास हरकत नाही.

युनेस्कोने या प्रकल्पास ग्रामीण संदेशवहनाचा पुरस्कार दिला. तथापि १९८२ पासून देशभर राष्ट्रीय कार्यक्रमाचा विस्तार होऊ लागला होता. १९८५ साली पीजचा प्रक्षेपक मद्रासला हलविण्याचा बेत प्रकट झाला, तेव्हा जिल्ह्यातील लोकांनी विरोध केला. यंत्र हलविण्याविरुद्ध प्रेक्षक उठतात, ही त्या केंद्राच्या लोकमान्यतेची सर्वांत सबळ साक्ष होय. तरीही पुढे काही वर्षांतच हे कार्य बंद पडले.

या इतिहासाचा निष्कर्ष कटू आहे. पीजच्या पडद्यावरील बोली गावाची होती, पात्रे गावाची होती, प्रश्नही गावाचे होते. प्रक्षेपक मात्र गावाचा नव्हता. बोलीला माध्यमात स्थान देणे आणि ते माध्यम बोलणाऱ्यांच्या स्वाधीन करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली पीज येथे साधली. दुसरीचा विचार झाला नाही, आणि म्हणून पहिलीही टिकली नाही.