संत बोनाव्हेंचर यांचं खचणारं गाव



मुंबईच्या मढ भागात, एरंगळच्या समुद्रकिनाऱ्यावर संत बोनाव्हेंचर यांच्या नावाचं 16व्या शतकातलं चर्च आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे मोठा सण भरतो. ज्यांच्या नावानं ही गर्दी जमते, त्यांचं जन्मगाव मात्र इटलीतल्या एका टेकडीवर आहे आणि ते दरवर्षी थोडं थोडं ढासळतं.

गावाचं नाव चिव्हिता दि बान्योरेज्यो. रोमच्या उत्तरेला, व्हितेर्बो प्रांतात. सुमारे 2500 वर्षांपूर्वी एट्रुस्कन लोकांनी ते वसवलं. वर ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला तांबूस खडक, खाली जुन्या समुद्रतळाची चिकणमाती. पाऊस आणि ओढे माती खातात, मग आधार गेलेला खडक कड्यासकट दरीत कोसळतो. प्रभूच्या दाखल्यातला शहाणा माणूस आपलं घर खडकावर बांधतो. चिव्हिताच्या लोकांनीही खडकावरच बांधलं होतं! त्या खडकाखाली काय आहे, हे पिढ्यान्‌पिढ्या भोगून कळलं.

याच गावात 1217 ते 1221 च्या दरम्यान जोव्हान्नी दि फिदान्झा जन्मला. लहानपणी तो मरणाच्या दारात होता, आईनं संत फ्रान्सिस असिसीकरांना साकडं घातलं आणि मूल वाचलं. फ्रान्सिसनीच त्याला पाहून आनंदानं ‘बोना व्हेंतुरा’, म्हणजे ‘शुभ भाग्य’, म्हटलं, ही आख्यायिका. पण आपण फ्रान्सिस यांच्या मध्यस्थीनं वाचलो, हे बोनाव्हेंचरनी स्वतः लिहून ठेवलं आहे. फ्रान्सिस यांचं चरित्र लिहिलं नाही तर आपण कृतघ्न ठरू, असंही ते सांगतात. मला ही साक्ष आख्यायिकेहून मोलाची वाटते. पुढे ते पॅरिसला शिकले, 1257 मध्ये फ्रान्सिस्कन संघाचे प्रमुख झाले, 1273 मध्ये कार्डिनल. 15 जुलै 1274 रोजी लिओनच्या धर्मपरिषदेच्या काळातच त्यांचं निधन झालं. 16व्या शतकातल्या धर्मयुद्धांत तिथले त्यांचे अवशेष नष्ट झाले. त्याआधी जन्मभूमीला पाठवलेला एक हात तेवढा उरला. तो शेजारच्या बान्योरेज्योच्या चर्चमध्ये आहे. त्यांच्या जन्मघराची जागा बहुतेक दरीत गेली.

1695 च्या जूनमधल्या भूकंपानं मोठा घाव घातला. चार वर्षांत बिशपांचं आसन आणि गावचा कारभार बान्योरेज्योला गेला. जी एकेकाळी या गावाची वस्ती होती, तीच आता मुख्य गाव झाली. बोनाव्हेंतुरा तेक्की या तिथल्याच लेखकानं चिव्हिताला ‘मरणारं गाव’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं पूल उडवला. आजचा पायी जायचा काँक्रीटचा पूल 1965 चा. कायम राहणारी माणसं आता मोजून दहा-बारा. गंमत अशी की गाव मरतंय म्हणून ते पाहायला लाखो लोक येतात. 2013 पासून प्रवेशाला तिकीट आहे आणि त्या पैशातून बान्योरेज्योकरांचे स्थानिक कर माफ झाले!

चौकातलं सान दोनातो एकेकाळचं कॅथेड्रल. तिथे 15व्या शतकातला लाकडी क्रूस आहे. 1499 च्या प्लेगमध्ये या क्रूसावरचा ख्रिस्त एका भाविक स्त्रीशी बोलला आणि साथ संपेल असं म्हणाला, अशी श्रद्धा आहे. पवित्र शुक्रवारी तो क्रूस खांद्यावरून बान्योरेज्योच्या मिरवणुकीत नेतात. जुनी अट अशी की मध्यरात्रीपूर्वी तो परत चिव्हितात पोचला पाहिजे, नाहीतर तो बान्योरेज्योचा होईल. बिशप गेले, कारभार गेला, संतांचं घरही गेलं. क्रूस मात्र त्यांनी अजून सोडलेला नाही. दरवर्षी त्या रात्री माणसं अंधारात पूल चढून तो परत आणतात.