मुसळ, घागर आणि मिलिमीटर : जोरदार पावसाचे शब्द

जोरदार पावसाला मराठीत 'मुसळधार' म्हणतात. उखळात धान्य कांडण्याच्या मुसळासारख्या जाड धारांचा पाऊस, असा या शब्दाचा अर्थ आहे. ही उपमा एकट्या मराठीची नाही. हिंदीत 'मूसलाधार' आणि बंगालीत 'मुषलधारे' हे शब्द रूढ आहेत. गुजरातीतील 'सांबेलाधार' आणि पंजाबीतील 'मोहलेधार' हे शब्द वेगळे वाटले, तरी 'सांबेलुं' आणि 'मोहला' म्हणजेही मुसळच होय.

दक्षिणेकडील भाषांत मुसळाची जागा पाण्याच्या भांड्याने घेतली आहे. तेलुगूतील 'कुंडपोत' म्हणजे मडके ओतल्यासारखा पाऊस. मल्याळममध्ये थेंबागणिक एक घडा, अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे, तर कन्नडमध्ये अशा पावसाला 'कुंभद्रोण मळे' म्हणतात. 'मळे' म्हणजे पाऊस.

भांड्याची हीच कल्पना भारताबाहेरही आढळते. स्पॅनिश भाषेत पाऊस घागरींनी पडतो, तुर्कीत पेल्यातून सांडतो आणि चिनी भाषेत घंगाळ कलंडल्यासारखा कोसळतो. फ्रेंचांना धारांत दोरखंड दिसतात. काही वाक्प्रचारांचा मात्र पावसाशी संबंध लावणे कठीण जाते. इंग्रजीत मांजरे व कुत्री, ग्रीकमध्ये खुर्च्यांचे पाय, तर वेल्श भाषेत म्हाताऱ्या बायका आणि काठ्या आकाशातून पडतात. इंग्रजी वाक्प्रचार जोनाथन स्विफ्ट यांच्या १७३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवादसंग्रहात येतो. त्याच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

कन्नड शब्दातील 'द्रोण' विशेष लक्षणीय आहे. द्रोण हे प्राचीन भारतातील एक माप होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी पाऊस मोजण्याचे कुंड ठेवण्याची सूचना असून प्रदेशवार पाऊस द्रोणांत सांगितला आहे. त्यानुसार अश्मक देशात साडेतेरा, तर अवंतीत २३ द्रोण पाऊस पडतो. अपरांतात, म्हणजे कोकणात, तो 'अमित' असल्याचे म्हटले आहे. पावसाच्या मोजमापावर पेरणी अवलंबून होती. त्यामुळे उपमेबरोबर आकड्याचीही गरज तेव्हापासूनच होती.

आज हे काम मिलिमीटर करतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास तो 'जोरदार', ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाल्यास 'अतिजोरदार' आणि त्याहून अधिक झाल्यास 'अत्यंत जोरदार' गणला जातो. मराठी बातम्यांत या श्रेणींसाठी 'मुसळधार', 'अतिमुसळधार' असे शब्द योजले जातात. 'ढगफुटी' या शब्दालाही निकष आहे : सुमारे २० ते ३० चौरस किलोमीटर क्षेत्रात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस. बोलीभाषेत मात्र कोणत्याही मोठ्या सरीला ढगफुटी म्हटले जाते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत झालेल्या पावसाची सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर इतकी नोंद झाली. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी पडले. त्याच काळात दक्षिण मुंबईतील कुलाबा येथे ७५ मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस नोंदला गेला. दोन्ही ठिकाणच्या पावसाला 'मुसळधार' म्हणता येते. परंतु उपनगरांत घरे बुडाली, रेल्वे व रस्ते बंद पडले आणि शेकडो लोकांचे प्राण गेले.

'संततधार' हा शब्द याच्या उलट बाजूने फसवा ठरू शकतो. तो पावसाचा जोर सांगत नाही, सातत्य सांगतो. मात्र अनेक दिवसांच्या संततधारेने जमीन पाण्याने पूर्ण भिजली, की त्यानंतरची मध्यम सरदेखील दरड कोसळण्यास किंवा नदीला पूर येण्यास पुरेशी ठरते.

पाऊस कसा दिसतो, हे मुसळ आणि घागर नेमके सांगतात. तो किती पडणार आणि घराबाहेर पडावे की नाही, हे ठरवण्यासाठी मात्र इशाऱ्यातील मिलिमीटरचा आकडा आणि पिवळा, नारिंगी किंवा लाल रंग पाहणे आवश्यक आहे.