आंभोरा (नदीकाठचे सहल व मुक्कामस्थळ)

नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यातील वैनगंगेकाठचे तीर्थक्षेत्र. येथे वैनगंगेला कन्हान, आम आदी नद्या मिळतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ (शके १११०) येथेच रचला असे विदर्भात मानतात. हा मान आपल्या गावाचा मानणाऱ्या अंबेजोगाईकरांना अर्थातच ते मान्य नाही. नागपूरच्या इतवारी स्थानकाहून सुटणारी नागभीडची नॅरोगेज गाडी कुहीमार्गे जाई. रुंदीकरणासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली आणि येथील सहल पूर्णपणे रस्त्यावर विसंबली.

आंभोऱ्याला तंबू ठोकायचा तर तो काठावर नव्हे, उंचावर हवा. खालच्या बाजूस गोसीखुर्द धरण असल्याने संगमाचा पूर्वीचा काठ फुगवट्याखाली गेला आहे. जलाशय साठतो तसा काठ वर सरकतो, उपशाने खाली जातो आणि मागे चिखल उरतो. पावसाळा टाळला की झाले, हा आक्षेप वाहत्या नदीपुरता ठीक आहे. धरणाचे पाणी पावसानंतरच भरलेले असते, आणि मुक्कामाचा हंगामही तोच. उंचावरून नदीची जवळीक हरवते, हे मात्र खरे. तरी संगमाचा विस्तार टेकडीवरूनच नीट दिसतो. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या केबल-पुलावरील प्रेक्षक-सज्जाही त्याच दृश्यासाठी बांधलेला आहे.