‘उत्तम मार्ग’ म्हणजे कोणता? क्वांटम नियंत्रणाचा एक इतिहास

आज आपण एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. अणूला दोन-तीनच ऊर्जापातळ्या आहेत असं धरू. सगळे अणू पहिल्या पातळीवर आहेत. ते सगळेच्या सगळे हव्या त्या पातळीवर न्यायचे, तर उत्तम मार्ग कोणता? कुठल्या पातळीवर किती अणू आहेत, याला भौतिकशास्त्रात ‘पॉप्युलेशन’ म्हणतात. म्हणून हा ‘पॉप्युलेशन ट्रान्सफर’चा प्रश्न. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं यात का डोकावतो? तर त्या ‘उत्तम’ शब्दापायी.

दोन पातळ्यांपासून सुरुवात करू. १९३२ साली लांडाऊ आणि झेनर यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की दोन पातळ्या एकमेकींजवळ आणून पुढे नेताना बदल पुरेसा सावकाश केला, तर अणू जवळजवळ खात्रीने दुसऱ्या अवस्थेत पोचतो. १९३७ मध्ये इसिडोर राबी यांनी फिरत्या चुंबकीय क्षेत्राचं गणित मांडलं. त्यातून कळलं, की क्षेत्राची वारंवारता जुळली की पॉप्युलेशन झोपाळ्यासारखं तिकडे जातं आणि परत येतं. झोपाळा पलीकडच्या टोकाला असतानाच क्षेत्र बंद करायचं. ही झाली ‘पाय पल्स’. हा मार्ग झटपट, पण नाजूक. क्षेत्राचा जोर दहा टक्क्यांनी चुकला, तर सुमारे अडीच टक्के अणू मागेच राहतात. पहिला मार्ग अशा चुका पोटात घालतो, पण वेळ खातो. मग यातला उत्तम कोणता?

याचं उत्तर शोधायची भाषा भलत्याच ठिकाणी घडली. १९५०च्या दशकात मॉस्कोमध्ये लेव्ह पोंत्र्यागिन आणि त्यांचे सहकारी विमानांच्या नियंत्रणाशी निगडित प्रश्नांवर विचार करत होते. पोंत्र्यागिन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी एका स्फोटात गेली होती. त्यांच्या ‘महत्तम तत्त्वा’ची एक अट आपण लक्षात ठेवू: आधी किंमत सांगा. वेळ वाचवायचा, की इंधन? ते ठरल्याशिवाय गणित सुरूच होत नाही. १९८८ साली पीअर्स, दालेह आणि राबित्झ यांनी इष्टतम नियंत्रणाची ही भाषा क्वांटम प्रणालींना लावली.

आता तीन पातळ्या घेऊ. पहिलीवरून तिसरीवर जायचंय, पण वाट मधल्या पातळीवरून जाते, आणि मधली पातळी म्हणजे फुटका हंडा: तिथे गेलेले अणू प्रकाश सोडून भलतीकडेच निसटतात. जर्मनीत कायझर्सलाउटर्न इथे क्लास बेर्गमान यांच्या गटाने १९९०च्या सुमारास सोडियमच्या रेणूंवर एक उलटी युक्ती वापरली. दुसरी-तिसरी पातळी जोडणारा लेसर आधी लावायचा, पहिली-दुसरी जोडणारा नंतर; मात्र दोन्ही काही काळ एकत्र चालू हवेत. आधी दुसरा मजला बांधून मग पहिला बांधावा, तसं हे वाटतं! पण त्यामुळे रेणू पहिल्या आणि तिसऱ्या पातळीच्या मिश्र अवस्थेत राहतो, आणि मधली पातळी जवळपास रिकामीच राहते. या पद्धतीला ‘स्टिरॅप’ म्हणतात.

मग उलटा क्रमच उत्तम, असं म्हणायचं का? थांबा. २००२ साली बोस्कैन, शार्लो, गोतिए, गेरां आणि याउस्लिन यांनी विचारलं, की लेसरची ऊर्जा कमीत कमी लागावी, तर काय करावं? दोन पातळ्यांसाठी त्यांच्या भूमितीतून पाय पल्सच निघाली. तीन पातळ्यांसाठी निघाला सरळ क्रम: पहिला लेसर जोरात सुरू करून उतरवत न्यायचा, दुसरा चढवत न्यायचा. एकामागून एक दोन पाय पल्स देण्यापेक्षा, तेवढ्याच वेळात, ऊर्जा चौथाईने कमी लागते. पण हा मार्ग मधल्या पातळीवरूनच जातो.

म्हणजे बघा, गळती टाळायची तर उलटा क्रम, ऊर्जा वाचवायची तर सरळ क्रम. दोन्ही उत्तम, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. निसर्गाने कुठल्याही मार्गावर ‘उत्तम’ असा शिक्का मारलेला नाही. काय गमवायला आपली तयारी आहे, हे माणसाला आधी ठरवावं लागतं. ते सांगितल्यावर मात्र गणित अजिबात सवलत देत नाही. यापुढे कोणी आपल्याला एखादी योजना ‘सर्वोत्तम’ म्हणून दाखवली, मग ती प्रयोगशाळेतली असो की गावातली, तर एवढंच विचारावं: कशाची किंमत धरून?

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.