नावापुरती जमीन

दिवाळीची सुटी तोंडावर आली की वर्गात मुलांचे लक्ष फराळाकडे असते. खरे सांगायचे तर मास्तरांचेही. गेल्या वर्षी मी खनिजांचा नकाशा उलगडला, तेव्हा एका मुलीने अरबी समुद्रावर बोट ठेवून विचारले, “सर, आपल्या वसईचं नाव इथं पाण्यात कसं?”

मुंबईसमोरच्या समुद्रात १९७४ साली तेल लागले आणि १९७६ साली वायूचा मोठा साठा सापडला. त्या साठ्याला वसईचे जुने इंग्रजी नाव, ‘बसीन’, मिळाले. त्यातला वायू समुद्रतळाच्या नळातून सुरतेजवळ हजिऱ्याला गेला, आणि तेथून जमिनीखालून थेट मध्य प्रदेश व उत्तर प्रदेशापर्यंत. नाव आमचे राहिले, वायू पुढे गेला. मुलगी समाधानाने खाली बसली. मी मात्र नाही.

कारण ऊर्जेसाठी नळ टाकण्याची आपल्याकडची जुनी कथा मुळशीची आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीने पुणे जिल्ह्यात मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर धरण योजले. ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून लोखंडी नळांनी खाली भिऱ्याला सोडायचे होते. सुमारे ५० गावे आणि ११ हजार माणसे पाण्याच्या वाटेत होती. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या हाती दिला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. याच लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ केले. १९२४ मध्ये रेल्वे अडविण्याच्या प्रकरणात त्यांना अटक झाली, पुढे सात वर्षांची शिक्षा झाली, आणि लढा संपला. पुण्याच्या सावकारांच्या नावावर पुष्कळ जमीन होती. ते मोबदल्याची बोलणी करू लागले. कसणाऱ्या मावळ्याला मोबदला नव्हे, जमीनच हवी होती. १९२७ साली भिऱ्याची वीज मुंबईत आली.

स्वराज्यात रीत थोडी सौम्य झाली. १९६२ च्या पेट्रोलियम वाहिन्यांच्या कायद्याने जमीन घेतली जात नाही, फक्त ‘वापराचा हक्क’ घेतला जातो. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचे नाव तसेच राहते. पण नळाच्या पट्ट्यावर घर बांधायचे नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचे नाही. पिकाचे नुकसान वेगळे. हक्काचा मोबदला मात्र जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. नळ टाकून झाला की भात लावता येईल, हे खरे. पण आमच्या वसईच्या वाडीवाल्याला हा नियम वाचून दाखवा. बावखल खणायचे नाही आणि नारळ लावायचा नाही, तर ती वाडी कसली?

आणि समुद्राचा तर सातबाराच नसतो. तेलविहिरीच्या मंचाभोवती ५०० मीटरांचे पाणी सुरक्षेसाठी राखलेले असते. ऐन हंगामात सर्वेक्षणाची जहाजे आली की जाळी उचलावी लागतात, अशी पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची वारंवारची तक्रार आहे. पिढ्यान्‌पिढ्या कोळी ज्या जागी जाळे टाकतात, ती जागा कोणत्याही दप्तरात त्यांच्या नावावर नाही. मग मोबदला मागायचा तो कोणता कागद दाखवून?

म्हणजे पाहा: मुळशीत नाव सावकाराचे आणि घाम मावळ्याचा, नळाच्या पट्ट्यात नाव शेतकऱ्याचे, पण वापर दुसऱ्याचा, आणि समुद्रात वापर कोळ्याचा, पण नावच नाही. मोबदल्याचा हिशेब कागदावरच्या नावापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. माणसाचे जगणे मात्र त्या नावावर नव्हे, वापरावर चाललेले असते.

वीज नको, वायू नको, असे मी म्हणणार नाही. या चार दिवसांत करंज्या तळल्या जातील त्या याच निळ्या ज्योतीवर, आमच्या घरीही. पण त्या मुलीला मी अर्धेच उत्तर दिले, याची बोच राहिली आहे. सुटी संपली की मी वर्गात नकाशाबरोबर एक सातबाराही नेणार आहे.