लाँगहॉर्न ते व्हिस्टा : लांबलेल्या विंडोजचा वृत्तांत

मायक्रोसॉफ्टची विंडोज एक्सपी ही ऑपरेटिंग सिस्टिम २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. तिची उत्तराधिकारी विंडोज व्हिस्टा सामान्य ग्राहकांच्या हाती पडली ती ३० जानेवारी २००७ रोजी. दोन आवृत्त्यांमध्ये सव्वापाच वर्षांचा खंड पडण्याची विंडोजच्या इतिहासातील ही पहिलीच वेळ होती. विशेष म्हणजे मूळ बेतानुसार ही मोठी आवृत्ती नव्हतीच. एक्सपीनंतर साधारण दोन वर्षांनी, २००३ च्या अखेरीस, एक छोटी सुधारित आवृत्ती काढावी आणि मग खऱ्या मोठ्या कामाकडे वळावे, असे ठरले होते.

या बेताची खूण प्रकल्पाच्या सांकेतिक नावातही आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हिसलर आणि ब्लॅककोम्ब हे बर्फावरच्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेले दोन डोंगर आहेत. एक्सपीचे सांकेतिक नाव व्हिसलर होते आणि पुढच्या महत्त्वाकांक्षी आवृत्तीसाठी ब्लॅककोम्ब हे नाव राखून ठेवले होते. या डोंगरांच्या पायथ्याशी लाँगहॉर्न नावाचे मद्यगृह आहे. मधल्या छोट्या आवृत्तीला त्याचे नाव मिळाले. एका शिखरावरून दुसऱ्याकडे जाताना घटकाभर टेकण्याची ही जागा होती. प्रत्यक्षात मुक्काम पाच वर्षांचा झाला.

ऑपरेटिंग सिस्टिम लांबते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्यासाठी तिचे काम ध्यानात घ्यावे लागते. ती संगणकाचा सारा कारभार पाहते. कळफलकावरील बोटांचा ठोका, पडद्यावरील अक्षर, छापखान्याकडे जाणारे पान, तबकडीवर साठणारी फाइल हे सर्व तिच्या हातून जाते. शिवाय तिच्यावर इतरांनी लिहिलेली हजारो सॉफ्टवेअर उभी असतात. म्हणून तिचा एक चिरा हलवला की दूरच्या भिंतीला तडा जाण्याची भीती असते. व्हिस्टाच्या काळात विंडोजमधील संगणकीय आज्ञांच्या ओळी सुमारे ५ कोटी असल्याचे सांगितले जात असे. एवढ्या पसाऱ्यात नवी गोष्ट लिहिणे त्या मानाने सोपे असते; ती जुन्याशी बिनबोभाट नांदवणे हे खरे काम.

छोट्या आवृत्तीचा बेत टिकला नाही, कारण ब्लॅककोम्बसाठी राखलेल्या कल्पना एकामागून एक लाँगहॉर्नमध्ये शिरू लागल्या. ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिस येथे भरलेल्या सॉफ्टवेअर निर्मात्यांच्या परिषदेत मायक्रोसॉफ्टने लाँगहॉर्नचे तीन आधारस्तंभ जाहीर केले. पडद्यावरील चित्रणासाठी अॅव्हलॉन, संगणकांमधील परस्पर संवादासाठी इंडिगो आणि माहिती साठवण्यासाठी विनएफएस. यांपैकी विनएफएस सर्वांत धाडसी होते. फाइल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली हे माणसाने लक्षात ठेवण्याऐवजी पत्र, छायाचित्र, पत्ता, भेटीची वेळ यांचे परस्परसंबंध संगणकानेच जाणावेत, अशी ही कल्पना होती. मावशीच्या लग्नात काढलेली आणि आजोबा ज्यांत आहेत अशी सर्व छायाचित्रे मागावीत आणि ती पुढ्यात यावीत! बिल गेट्स यांना या कल्पनेचे आकर्षण जुने होते. १९९० च्या दशकातील कैरो या प्रकल्पातही तिचे पूर्वरूप होते आणि तेही ग्राहकांपर्यंत पोहोचले नव्हते. एकदा न जमलेली गोष्ट तीन स्तंभांपैकी एक म्हणून जाहीर सभेत मांडणे, ही या कथेतील पहिली मोठी चूक मानावी लागेल. परिषदेस आलेल्यांच्या हाती अर्धवट तयार प्रतही देण्यात आली. ती पाहून अपेक्षा वाढल्या, पण काम पुढे सरकले नाही.

दुसरे कारण बाहेरून आले. २००१ मध्ये कोड रेड आणि निमडा, जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लास्टर अशा उपद्रवी प्रोग्रामांनी जगभरातील संगणक वेठीस धरले. गेट्स यांनी जानेवारी २००२ मध्येच कर्मचाऱ्यांना पत्र लिहून यापुढे नव्या सोयींपेक्षा सुरक्षेला अग्रक्रम राहील, असे बजावले होते. परंतु ब्लास्टरनंतर नुसत्या धोरणाने भागण्यासारखे राहिले नाही. लोक वापरत असलेली एक्सपी आधी सावरणे भाग होते. लाँगहॉर्नवरील अनेक अभियंते एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅककडे वळवण्यात आले आणि तो पॅक ऑगस्ट २००४ मध्ये निघाला. चालू घराला आग लागली असता नव्या घराचे बांधकाम थांबवावे, तसा हा प्रकार होता. त्याबद्दल कंपनीला दोष देता येत नाही. कोट्यवधी वापरकर्त्यांच्या दृष्टीने तो पॅक हीच त्या वर्षातील खरी नवी विंडोज होती.

तिसरे कारण कंपनीच्या आतले होते आणि तेच सर्वांत खोल होते. हजारो अभियंते आपापल्या गटात काम करीत. प्रत्येक गटाचा कोड एका शाखेत असे. तो वरच्या शाखेत, तिथून मुख्य खोडात आणि तिथून पुन्हा इतर शाखांमध्ये उतरे. एका गटाने केलेला बदल दुसऱ्या टोकाच्या गटाच्या हाती पडायला महिना ते तीन महिने लागत, असे व्हिस्टावर काम केलेल्या एका माजी अभियंत्याने नोव्हेंबर २००६ मध्ये लिहिले. त्याच्या कामाचा विषय होता संगणक बंद करण्याचा छोटासा मेन्यू. त्या मेन्यूत काय असावे यावर मत देण्याचा अधिकार त्याच्या हिशेबाने चाळीसहून अधिक लोकांना होता.

अमिताभ श्रीवास्तव हे आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी त्या वेळी मायक्रोसॉफ्टमध्ये वरिष्ठ अभियंते होते. विंडोजचे कोणते भाग कोणत्या भागांवर अवलंबून आहेत, याचा नकाशा त्यांनी आपल्या गटाकडून काढून घेतला. वॉल स्ट्रीट जर्नलने सप्टेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार तो नकाशा आठ फूट उंच आणि अकरा फूट रुंद भरला, आणि शेकडो रुळांनी एकमेकांना छेद द्यावा तसा तो दिसत होता. वरचा थर खालच्या थरावर टेकलेला असावा, पण खालच्याने वरच्यावर विसंबू नये, हा बांधणीचा साधा नियम. येथे कोण कोणावर टेकले आहे हेच सांगता येईना. अशा स्थितीत माणसे वाढवून किंवा रात्री जागवून काम उरकत नाही.

विंडोजचे प्रमुख जिम ऑलचिन यांनी जुलै २००४ मध्ये गेट्स यांच्याकडे जाऊन हे काम या वाटेने पार पडणार नाही, असे स्पष्ट सांगितले. २७ ऑगस्ट २००४ रोजी कंपनीने जाहीर केले की विनएफएस लाँगहॉर्नमधून वगळले आहे, अॅव्हलॉन आणि इंडिगो एक्सपीसाठीही उपलब्ध होतील आणि नवी आवृत्ती २००६ मध्ये येईल. तोवरचा बहुतेक कोड बाजूला ठेवून विंडोज सर्व्हर २००३ च्या स्थिर पायावर नव्याने बांधणी सुरू झाली. प्रत्येक नव्या भागाची यंत्राकडून तपासणी व्हावी आणि दोष आढळल्यास तो भाग मुख्य कोडमध्ये घेऊच नये, अशी शिस्त लागली. जवळपास तीन वर्षांच्या मेहनतीवर पाणी सोडण्याचा हा निर्णय कठोर होता, पण योग्य होता. तो एखादे वर्ष आधी घेतला असता तर पुढचे बरेच टळले असते.

पुढची वाटचाल तुलनेने सरळ झाली. जुलै २००५ मध्ये व्हिस्टा हे नाव जाहीर झाले आणि त्याच महिन्यात पहिली चाचणी आवृत्ती निघाली. परंतु २१ मार्च २००६ रोजी आणखी एक घोषणा आली. मोठ्या संस्थांना व्हिस्टा नोव्हेंबरमध्ये मिळेल, सामान्य ग्राहकांना मात्र जानेवारी २००७ पर्यंत थांबावे लागेल. कागदावर हा विलंब काही आठवड्यांचाच होता. पण आपल्याकडे दिवाळीला जे महत्त्व, तेच अमेरिका-युरोपच्या बाजारात नाताळला असते, आणि नेमका तोच हंगाम हुकला. नाताळात संगणक घेणाऱ्यांना व्हिस्टा नंतर मोफत किंवा सवलतीत मिळण्याची कुपने देण्यात आली. त्या घोषणेनंतर दोनच दिवसांत विंडोज विभागाची फेररचना झाली आणि ऑफिस सॉफ्टवेअर वेळेवर काढण्याबद्दल नावाजलेले स्टीव्हन सिनॉफ्स्की यांच्याकडे पुढील विंडोजची जबाबदारी आली. व्हिस्टाचे काम ८ नोव्हेंबर २००६ रोजी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. ग्राहकांसाठी ती बाजारात आली त्याच सुमारास ऑलचिन निवृत्त झाले.

या विलंबाची किंमत प्रामुख्याने इतरांनी मोजली. अनेक संस्थांनी काही वर्षांची आगाऊ वर्गणी भरून सॉफ्टवेअर अॅश्युरन्स नावाचा करार केला होता. मुदतीत जी नवी आवृत्ती निघेल ती त्यांना मिळायची होती. नवी आवृत्ती निघण्याआधीच कित्येकांची मुदत संपली. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांपुढे वेगळाच पेच होता. लोक व्हिस्टाच्या आशेने खरेदी पुढे ढकलतील या भीतीने एप्रिल २००६ पासून नव्या संगणकांवर ‘व्हिस्टासाठी सक्षम’ अशा अर्थाची चिकटपट्टी लावण्यात आली. त्यांपैकी कमी क्षमतेच्या संगणकांवर व्हिस्टाची फक्त प्राथमिक आवृत्तीच चाले. जाहिरातीत दिसणारा पारदर्शक चौकटींचा देखणा पडदा त्यांवर उमटतच नसे. यावरून २००७ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला. पुढे २००९ मध्ये न्यायालयाने त्याचा सामूहिक दावा हा दर्जा काढून घेतला. तोवर कंपनीतील अधिकाऱ्यांचा अंतर्गत पत्रव्यवहार मात्र जगासमोर आला होता.

एवढा वेळ मिळूनही छपाई यंत्रे, स्कॅनर, ग्राफिक्स कार्ड यांचे ड्रायव्हर व्हिस्टाच्या आगमनापर्यंत पुरते तयार नव्हते. यात आश्चर्य नाही. तारीख वारंवार बदलली की बाहेरचे निर्माते ती गांभीर्याने घेत नाहीत. आधीच्या तारखा हुकल्या तशी हीही हुकेल, असे धरून ते आपली माणसे दुसऱ्या कामाला लावतात.

मराठी वापरकर्त्यांशी या विलंबाचा एक थेट धागा जुळतो आणि तो सहसा सांगितला जात नाही. एक्सपीमध्ये देवनागरीची सोय होती, मंगल हा फाँटही होता; पण मूळ स्थापनेत ती सुरू केलेली नसे. नियंत्रण कक्षात जाऊन भाषांच्या पर्यायांमध्ये जटिल लिप्यांची खूण करावी लागे, विंडोजची सीडी घालावी लागे आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागे. ज्याच्याजवळ सीडी नसे त्याला पडद्यावर कधी रिकामे चौकोन दिसत, तर कधी फुटलेली जोडाक्षरे आणि अक्षराच्या मागे जाऊन बसलेली ऱ्हस्व वेलांटी. व्हिस्टात ही सोय आरंभापासूनच चालू स्थितीत आली. युनिकोडमधील मराठी मजकूर कोणतीही खटपट न करता वाचता येण्याची सोय विंडोजच्या घराघरांतील वापरकर्त्यांना २००३ ऐवजी २००७ मध्ये मिळाली असे म्हणता येईल, आणि पुष्कळांना तीही विंडोज ७ येईपर्यंत मिळाली नाही. मधल्या काळात श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या फाँटवर मराठीचा गाडा चालत राहिला. एका फाँटमधील मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग उमटे, हे त्या काळी टंकलेखन केलेल्यांना आठवत असेल.

व्हिस्टाची कथा संगणकाच्या इतिहासात एकटी नाही. आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये सिस्टिम ३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तिची ऑपरेटिंग सिस्टिम ओएस ३६० ठरल्या वेळी तयार झाली नाही. तिचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी त्या अनुभवावर १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिले. लांबलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसे घातली तर तो आणखी लांबतो, हा ब्रुक्स यांचा नियम म्हणून ओळखला जाणारा निष्कर्ष त्यातलाच. नव्या माणसाला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो आणि माणसे वाढतात तसा आपसांतील बोलण्याचा पसारा त्याहून वेगाने वाढतो. अॅपलच्या कोपलँड या प्रकल्पाने तर शेवट गाठलाच नाही. १९९६ मध्ये तो सोडून देण्यात आला आणि अॅपलने त्याच वर्षाअखेरीस स्टीव्ह जॉब्स यांची नेक्स्ट ही कंपनी खरेदी करण्याचा करार केला. तिच्या पायावर उभी राहिलेली मॅक ओएस टेन मार्च २००१ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टने आपल्याच सर्व्हरचा पाया घेतला, अॅपलने दुसऱ्याचा विकत घेतला, एवढाच फरक.

सिनॉफ्स्की यांच्या कारकिर्दीत विंडोज ७ अगदी वेगळ्या रीतीने घडवण्यात आली. काय करणार याची वाच्यता फारशी झाली नाही आणि खात्री होईपर्यंत आश्वासने देण्यात आली नाहीत. ती २२ ऑक्टोबर २००९ रोजी, जाहीर केलेल्या दिवशी, बाजारात आली. तिच्यातील बरीचशी मूळ रचना व्हिस्टाचीच होती. तोवर ड्रायव्हर तयार झाले होते आणि संगणकही ताकदवान झाले होते.

पुढे विंडोज १० पासून मोठी आवृत्ती काही वर्षांनी काढण्याऐवजी वर्षातून दोनदा सुधारणा देण्याची पद्धत आली. तारीख ठरलेली आणि जे तयार असेल ते तिच्यात जाणार, असा हा क्रम होता. त्याचीही परीक्षा झाली. २ ऑक्टोबर २०१८ रोजी दिलेल्या सुधारणेमुळे काही वापरकर्त्यांच्या संगणकावरील कागदपत्रे आणि छायाचित्रे पुसली गेली. अवघ्या काही दिवसांत ती सुधारणा थांबवावी लागली आणि दुरुस्त होऊन पुन्हा दिली गेली ती १३ नोव्हेंबरला. हा दोष चाचणीत भाग घेणाऱ्या काही जणांनी आधीच कळवला होता, परंतु तक्रारींच्या ढिगात तो वेळेत कोणाच्या लक्षात आला नाही.